आमच्या स्वयंपाकघरात गोटी उत्तरेलाच का घरंगळते? (रूरचा कोळसा, इमारती आणि खचलेली जमीन)

कोनाडा | रविवार, रात्री ९.४०

गेल्या सप्टेंबरात आम्ही जर्मनीतल्या रूर या कोळसापट्ट्यात, एसेन शहराच्या काटर्नबर्ग भागात राहायला आलो. सामान लावताना लेकीच्या हातून गोटी पडली, ती स्वयंपाकघरातून घरंगळत थेट बाल्कनीच्या दाराला जाऊन टेकली. तिला खेळच मिळाला. गोटी दक्षिणेला ठेवायची, ती आपली उत्तरेला. मला कळलं ते फोडणी करताना. तेल नेहमी पातेल्याच्या एकाच कडेला गोळा होतं.

घरमालकीणबाईंना विचारलं. वय ऐंशीच्या पुढे, तळमजल्यावर एकट्या राहतात. त्यांनी पायाने जमिनीवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "खाली रिकामं आहे. माझ्या नवऱ्यानेच केलंय." नवरा खाणीत होता, हे ओघाने आलंच.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. इथे येईपर्यंत मला वाटायचं की कोळशाने युरोपात काय बांधलं, तर धुराडी, कारखाने आणि कामगारांच्या चाळी. इथे राहिल्यावर वाटतं, सगळ्यात मोठं बांधकाम जमिनीचंच आहे. फक्त उलट्या दिशेने.

खोलवर कोळशाचा थर काढून घेतला की वरचं छत मुद्दाम कोसळू देतात. त्यावरचा खडक बसतो, त्यावरचा बसतो, आणि शेवटी शेकडो मीटर वरची जमीन बशीसारखी खोलगट होते. एसेनच्या उत्तरेकडचे काही भाग असे वीस मीटरहून जास्त खाली गेलेत. म्हणजे सहा मजली इमारत. गंमत अशी की कोणाला पत्ता लागत नाही, कारण घर, रस्ता, चर्च, शेजारी, सगळे बरोबरच खाली जातात.

पत्ता लागतो तो पाण्याला. रूर नदी दक्षिणेला आहे, पण खाणपट्ट्याच्या मधोमध वाहते ती एम्शर. जमीन जागोजागी बसली आणि एम्शरचा उतारच बिघडला. खाणवस्त्यांचं सांडपाणी तिच्यात, आणि ते पुढे जाईना. जमिनीखालून गटारं टाकावीत तर जमीन हलती, नळ फुटणार. म्हणून १८९९ मध्ये गावं आणि खाणमालक यांनी मिळून एक संस्था काढली आणि नदीलाच गटार केलं. सरळ रेषेत, काँक्रीटच्या तळाची, दोन्ही बाजूंना बांध घातलेली. जमीन आणखी बसली की बांध आणखी उंच करायचे. ऱ्हाइनला मिळण्याची जागा तर दोनदा उत्तरेकडे सरकवावी लागली. काही ठिकाणी नदी आजूबाजूच्या घरांपेक्षा वरून वाहते. अशा नाल्यांना इथले लोक 'कोटेलबेके' म्हणतात. मराठीत अगदी शब्दशः सांगायचं तर लेंडी नाला!

खाणी उत्तरेकडे सरकल्यावर आणि जमीन स्थिरावल्यावर कुठे १९९२ पासून हे उलटवायचं काम सुरू झालं. ५१ किलोमीटरचं मुख्य गटार जमिनीखालून नेलं, सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्च झाले आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून सुटली. आता काठाने सायकलचा रस्ता आहे. मी रोज जातो. पण बसलेली जमीन काही वर आली नाही. तिच्यावर पडणारा पाऊस पंपाने उपसून नदीत टाकावा लागतो. पंप थांबले तर गावंच्या गावं तळ्यात. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण, बोट्रोपची प्रॉस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. पंप मात्र चालूच आहेत. त्यांच्यासाठी इथे एक सरकारी शब्दच आहे, त्याचा अर्थ 'अनंतकाळची कामं'. खर्चासाठी वेगळं प्रतिष्ठान आहे.

आता दिसणाऱ्या इमारतींबद्दल. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर झोलफेराइन, जुनी कोळशाची खाण. २००१ पासून जागतिक वारसा. शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर) क्रमांक १२ चं काम १९२८ ते ३२ मध्ये झालं, वास्तुकार फ्रिट्झ शूप आणि मार्टिन क्रेमर. ५५ मीटर उंच पोलादी मनोरा, समोर चौक, दोन्ही बाजूंना लाल विटांच्या ठोकळ्यांच्या इमारती, सगळं काटेकोर सममितीत. दिवसाला १२,००० टन कोळसा वर काढायची क्षमता. राजवाड्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं.

मी दोन-तीनदा जाऊन आलो, मग एका फेरीत कळलं की या दारातून कामगार जातच नव्हते. १२ नंबर फक्त कोळशासाठी. माणसं जुन्या शाफ्टांमधून खाली उतरायची, बाजूच्या आळ्यांतून, जिथे फोटो काढायला कोणी थांबत नाही. राजवाड्यातून मिरवत यायचा तो दगड!

त्याच आळ्यांतल्या कामगारवस्त्या मला जास्त आवडतात. एका घराला चार बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार वेगळ्या बाजूला, मागे लांबट परसबाग आणि गोठा. गोठ्यात शेळी. जर्मनमध्ये शेळीला 'खाणकामगाराची गाय' म्हणायचे. आपल्याकडे गरिबाची गाय म्हणतात, तेच. माळ्यावर शर्यतीची कबुतरं. ओबरहाउझेनची आयझेनहाइम ही त्यातली सगळ्यात जुनी वस्ती, १८४६ सालची. १९७० च्या दशकात पाडायला निघाले होते, रहिवाशांनी लढून वाचवली.

अजून डोंगरांबद्दल लिहायचं आहे (हो, इथले डोंगरही खाणीनेच केलेत), पण आता झोप. कोणी युरोपात अशा भागांत राहत असेल तर भर घाला.

फुटाणा | रविवार, रात्री १०.०५

लेख झकास. पण मला एक सांगा, पुरणपोळी एका बाजूला जाड होते का?

कोनाडा | रविवार, रात्री १०.११

होते. पण त्याचा दोष खाणीला देऊ नका, असं बायकोचं मत आहे.

वीटभट्टी | सोमवार, सकाळी ८.३०

वास्तुकलेची विद्यार्थिनी असताना झोलफेराइनला गेले होते, म्हणून चार गोष्टी.

या मनोऱ्यांचा आकार हौसेखातर नाही. दोर पिंजऱ्याला वर ओढतो तेव्हा मनोऱ्याच्या माथ्यावरच्या चाकाला बाजूच्या यंत्रघराकडे तिरपा हिसका बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हा हिसका पेलायला दगड-विटांचे भक्कम बुरूज बांधत. भिंती काही ठिकाणी दोन मीटरहून जाड. त्यांना मालाकोव्ह म्हणतात, क्रिमियन युद्धातल्या सेव्हास्तोपोलच्या किल्ल्यावरून. पेपरात त्या वेढ्याच्या बातम्या नुकत्याच गाजलेल्या, नाव चिकटलं. मग पोलाद आलं आणि बुरुजाऐवजी यंत्राच्या दिशेने रोवलेला तिरपा पाय पुरेसा झाला. झोलफेराइनला दोन बाजूंना दोन यंत्रं, म्हणून तिरपे पायही दोन्हीकडे. लोक ज्याला सममितीचं सौंदर्य म्हणतात, त्यातलं निम्मं दोराने ठरवलंय.

दुसरं, त्या विटांच्या भिंती भार घेत नाहीत. आत पोलादी सांगाडा, त्यात वीट नुसती भरलेली. यंत्र बदललं की खोकं उघडायचं, नवं यंत्र ठेवायचं, पुन्हा बंद करायचं.

आणि सगळीकडे त्याला 'बाउहाउस' (१९२० च्या दशकातली साधी, आधुनिक जर्मन शैली) म्हणतात, ते मला पटत नाही. सपाट छपरं आणि आडव्या खिडक्या बाउहाउसच्या असतीलही, पण तो समोरचा चौक आणि मधला अक्ष? ते सरळसरळ राजदरबारी आहे. मंदीच्या तोंडावर कंपनीला आपला रुबाब दाखवायचा होता. तुमचं राजवाड्याचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त ते योगायोगाने झालेलं नाही.

वेळ मिळाला तर डॉर्टमुंडची झोलर्न खाण बघा. एकाच आवारात दोन काळ दिसतात. कचेऱ्या नक्षीदार विटांच्या, गडासारख्या. यंत्रघरही तसंच होणार होतं, पण १९०२ च्या ड्युसेलडॉर्फ प्रदर्शनातला पोलाद-काचेचा मंडप पाहून मालकांचं मन बदललं. ब्रूनो म्यरिंगने केलेलं रंगीत काचेचं दार आहे त्याला. १९६९ मध्ये पाडायला निघाले होते. ते वाचलं आणि तिथून जर्मनीत कारखान्यांकडे वारसा म्हणून बघायला सुरुवात झाली.

ओव्हरमन_नाना | सोमवार, दुपारी १.१५

कोनाडा भाऊ, मी उमरेडचा. तीस वर्षं जमिनीखाली काढली, आता नातवंडांना शाळेत सोडतो. तुमचा धागा मुलाने वाचून दाखवला, मग म्हटलं आपणच लिहू.

तुम्ही छत पाडतात म्हणालात, त्या पडलेल्या जागेला आम्ही गोफ म्हणतो. आपल्याकडे जुन्या खाणी बोर्ड अँड पिलरच्या. खांब सोडत जायचं, मग परत येताना खांब काढायचे. थर उथळ असला तर वर थेट भोक पडतं, गाय-म्हैस जाईल एवढं. तुमच्याकडे लाँगवॉल, म्हणजे खांब न सोडता सगळा थर काढायचा, तोही फार खोल, म्हणून भोक नाही पडत, बशी होते. बशीच्या मधोमध घर असलं तर ते सरळ खाली जाते, फार बिघडत नाही. कडेवर असलं तर एका बाजूने ताणते आणि कलते. तुमची गोटी सांगून राहिली की तुम्ही कडेवर आहात, आणि बशीचा मध्य उत्तरेला आहे.

एक विचारतो. वर गाव असलं की आम्ही वाळू भरत होतो गोफमध्ये, पाण्याबरोबर पाइपाने. स्टोइंग. तिकडे नाही करत का?

कोनाडा | सोमवार, रात्री ८.५०

नाना, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. बशीच्या कडेचं गणित मला इथे एकाही माहितीफलकावर मिळालं नव्हतं.

इथेही भराव करायचे, दगडाचा चुरा हवेच्या दाबाने आत फुंकून. पण महाग आणि वेळखाऊ, त्यामुळे सगळीकडे नाही. नुकसान झालं तर भरपाई द्यायची, भिंती दुरुस्त करून द्यायच्या, फारच कललं तर घर जॅकवर उचलून सरळ करायचं, असा हिशेब.

याच्या अगदी उलट एक गोष्ट वाचली, तुम्हाला आवडेल. ड्युसबुर्ग-रूरोर्टच्या बंदराची. ऱ्हाइन आपला तळ खरवडत खाली चालली होती आणि बंदरात पाणी कमी पडू लागलं. १९५० आणि ६० च्या दशकांत त्यांनी बंदराच्या खालचा कोळसा मोजून-मापून, ठरवलेल्या क्रमाने काढला आणि धक्के, गोद्या, रेल्वे, पूल यांच्यासकट अख्खं बंदर साधारण दोन मीटर खाली बसवलं. काम चालू असताना बंदरही चालू.

ओव्हरमन_नाना | सोमवार, रात्री ९.२०

हे करणाऱ्या सर्व्हेअरचे पाय धरले पाहिजेत. आम्हाला एक शाळा वाचवताना घाम फुटे.

वेल्हाळ | मंगळवार, सकाळी ७.४५

मी ड्रेस्डेनला असते. इथून सीमा ओलांडली की चेक प्रजासत्ताकातलं मोस्त. तिथला कोळसा उथळ, तपकिरी, म्हणून खाली बोगदे नाहीत, वरूनच खणायचं. आणि जुनं गाव नेमकं कोळशावर. तेव्हाच्या सरकारने अख्खं मध्ययुगीन शहर पाडायचं ठरवलं आणि बाजूला नवं मोस्त उभं केलं, सगळं काँक्रीटचं.

वाचलं ते एक चर्च. सोळाव्या शतकातलं गॉथिक. १९७५ च्या शरद ऋतूत ते रुळांवर चढवून ८४१ मीटर लांब नेलं. मिनिटाला दोन सेंटिमीटरच्या आसपास, जवळजवळ महिनाभर. आज गेलात तर बाहेरून काहीच जाणवत नाही, छान चर्च आहे. पण भोवती गल्ल्या नाहीत, बाजार नाही. लग्नातून चुकून एकटाच मागे राहिलेल्या पाहुण्यासारखं उभं आहे. शेजारी खाणीत पाणी भरून केलेलं तळं, जुन्या शहराच्या जागी. लोक पोहतात.

पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स या कोळसापट्ट्यातही हेच, खाणींची तळी. तिथे लिश्टरफेल्डला एफ-६० नावाचा ओव्हरबर्डन (कोळशावरची माती) वाहून न्यायचा पूल ठेवलाय, ५०२ मीटर लांब. आडवा आयफेल टॉवर म्हणतात. एवढं धूड उभं केलं, जेमतेम तेरा महिने चालवलं आणि १९९२ मध्ये खाण बंद. आता तिकीट काढून वर चढायचं.

निळावंती | मंगळवार, सकाळी ११.३०

वेल्हाळ, हे जुन्या काळातच होतं असं नाही. मी आखेनला राहते. गार्त्सवायलरच्या उघड्या खाणीसाठी इमेराथ गावातलं दोन मनोऱ्यांचं मोठं चर्च जानेवारी २०१८ मध्ये यंत्राने पाडलं. दगड पडताना लोक कुंपणाबाहेर उभे राहून रडत होते. त्याआधी कबरीसुद्धा हलवल्या. नव्या जागी गाव वसवलं, नाव तेच, पुढे कंसात 'नवे'. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांच्या पाट्या बघितल्या असतील तर हे वेगळं सांगायला नको. २०२३ च्या जानेवारीत त्याच खाणीसाठी लुत्सेराथ गाव रिकामं करताना तर जगभर बातम्या झाल्या.

म्हणून मला या 'कोळशाने घडवलेलं सौंदर्य' प्रकाराचा थोडा राग येतो. कोनाडा, तुमच्यावर नाही. पण संग्रहालयात कॉफी पिताना सगळं फार गोड वाटतं. गेल्सेनकिर्शन जर्मनीतल्या सर्वात जास्त बेरोजगारीच्या शहरांत मोडतं, तेही लिहा की.

कोनाडा | मंगळवार, रात्री ९.१५

मान्य. काटर्नबर्गच्या मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद आहेत आणि दहा मिनिटांवर डिझाइनचं संग्रहालय. झोलफेराइनच्या बॉयलरघरात वास्तुकार नॉर्मन फॉस्टर आणला (१९९७), कोळसा धुण्याच्या इमारतीत वास्तुकार रेम कूलहासच्या कचेरीने नारिंगी उजेडाचा सरकता जिना बसवला. पण घरमालकीणबाई त्या जिन्यावर एकदाच चढल्यात, नातीच्या शाळेबरोबर. म्हणाल्या, "तिथे इतका गोंगाट असायचा की बोलता यायचं नाही. आता सगळे कुजबुजतात."

तरी पाडलं नाही हे मला बरंच वाटतं. पाडलं असतं तर बेरोजगारी तेवढीच राहिली असती आणि वर एक मॉल आला असता.

डोंगरांबद्दल लिहिणार होतो. कोळशाबरोबर वर येणारा दगड टाकून टाकून झालेले ढीग, त्यांना हाल्डे म्हणतात. रूरचा उत्तर भाग मुळात सपाट, त्यामुळे क्षितिजावर उंच दिसतं ते बहुतेक हेच. आधी टोकदार शंकू होते, पुढे पायऱ्या काढून, माती घालून झाडं लावली. बोट्रोपच्या ढिगावर १९९५ पासून पोलादी नळ्यांचा पोकळ चतुष्फलक आहे. वर जाळीच्या पायऱ्या, पायाखाली सगळं दिसतं, माझे पाय लटपटले. शेजारच्या ढिगावर बंदिस्त बर्फात स्कीइंग. एसेनच्या शुरेनबाखच्या ढिगावर मात्र काही लावलेलं नाही, काळं उघडं पठार आणि मधोमध शिल्पकार रिचर्ड सेराने उभी केलेली पोलादाची एकच पाटी. सगळ्यांत मला तोच आवडतो. संध्याकाळी तिथून अख्खा खाणपट्टा दिसतो.

गारवा | बुधवार, पहाटे ५.२०

रात्रपाळी संपवून लिहितेय. मी दक्षिण वेल्सला नर्स आहे.

ढिगांचं कौतुक वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या खोऱ्यांत जमीन अरुंद, म्हणून घरांच्या ओळी उतारावर, खाली खाण, आणि दगडाचा ढीग कुठे? डोंगरावर, घरांच्या वर. आबरवान गावात सात नंबरचा ढीग झऱ्यावर टाकला होता. २१ ऑक्टोबर १९६६, सकाळी सव्वानऊ, शाळा नुकतीच भरलेली, आणि ढीग घसरून खाली आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. उरलेले ढीग हलवायला मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून घेतले. लोकांनी मुलांसाठी पाठवलेले पैसे! ते १९९७ मध्ये परत केले, व्याजाशिवाय. वेल्सची खोरी आज हिरवी दिसतात त्याचं एक कारण हे आहे. ढीग सुंदर करण्याची इच्छा नव्हती, नजरेसमोर नको होते.

आता वीटभट्टीसाठी चांगलं काहीतरी. आमच्याकडची माझी सगळ्यात आवडती खाणइमारत म्हणजे न्हाणीघर. १९२० च्या कायद्याने दर टन कोळशामागे एक पेनी कामगारकल्याणाला. त्यातून खाणींच्या तोंडाशी न्हाणीघरं बांधली. सपाट छत, भरपूर काच, पांढऱ्या टाइल्स. एका बाजूने काळा माणूस आत येणार, मळक्या कपाटात कपडे, मग नळाखाली, मग स्वच्छ कपाट आणि दुसऱ्या बाजूने गोरा बाहेर. ब्लेनाव्हॉनच्या बिग पिटचं १९३९ चं अजून बघता येतं. त्याआधी घरोघरी चुलीपुढे पत्र्याचं टब, आणि पाणी तापवून हंडे उचलणारी बायको. पाळ्या वेगळ्या असलेले नवरा आणि तीन मुलगे असतील तर दिवसभर तेच. आमच्या वॉर्डातली एक आजी सांगायची, तिच्या आईची कंबर खाणीने मोडली, आणि आई एकदाही खाणीत उतरली नव्हती.

वीटभट्टी | बुधवार, सकाळी ९.१०

गारवा, आम्हाला युरोपातल्या आधुनिक वास्तुकलेचा अख्खा पेपर होता, त्यात न्हाणीघर एकही नव्हतं. हेडगिअरवर (शाफ्टवरच्या त्या मनोऱ्यांवर) मात्र वीस मार्कांचा प्रश्न.

कोनाडा | बुधवार, दुपारी १२.४०

गारवा, तुमचं वाचल्यावर शुरेनबाखबद्दलचं माझं वाक्य मला जरा खुपलं. राहू देतो, पण खुपलं. इथल्या न्हाणीघरांत कपाटं नव्हती. कपडे आकड्याला अडकवून साखळीने छतापर्यंत ओढायचे, वरच्या गरम हवेत वाळायला. शेकडो सदरे आणि बूट डोक्यावर लटकलेले.

ओव्हरमन_नाना | बुधवार, दुपारी ४.००

कोनाडा भाऊ, गोटीचं राहिलं. घरात भिंतीला तडा आहे का? असला तर त्यावर आडवी काचेची पट्टी नाहीतर प्लास्टरचा ठिपका लावा, तारीख लिहा. जमीन हलली तर तडकेल, नाही हलली तर नाही. आम्ही गावात घरोघरी लावत होतो. वर्षभर पाहा, मग काळजी करायची की नाही ते ठरवा.

कोनाडा | गुरुवार, रात्री ८.१०

नाना, आज बाईंना विचारून तळघरात गेलो. उत्तरेच्या भिंतीला वरून खाली तिरपा तडा आहे. आणि त्यावर प्लास्टरच्या तीन पट्ट्या आधीच लावलेल्या! प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख, अक्षर त्यांच्या नवऱ्याचं. पहिली १९७४ ची, मधोमध तुटलेली, करंगळीचं नख जाईल इतकी फट. दुसरी १९८१ ची, तीही तुटलेली, पण केसाएवढी. तिसरी जानेवारी १९८७ ची. झोलफेराइन १९८६ च्या नाताळाच्या आदल्या दिवसांत बंद झाली, म्हणजे त्यानंतर लगेच लावली असणार.

ती शाबूत आहे. बाई म्हणाल्या, तो दर रविवारी खाली जाऊन बघायचा, आणि वर येऊन काहीच बोलायचा नाही.